केळीच्या पानावर निजलेली माय

माय, आज आपल्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलाय. माझ्या धाकट्या पोरीला माता आली आहे, अंगभर कांजण्या उठल्यात. घरात फोडणी बंद आहे आणि गल्लीतल्या बाया तांब्याभर पाणी नि दहीभात घेऊन तिच्या पाया पडायला येताहेत. मी उंबऱ्यावर बसून एकेकीला विचारतो, कसल्या मोठ्या गोळ्या चालू आहेत का, कातडीच्या डॉक्टरकडच्या? त्या हसतात. तुझी सून आतून सांगते, लोक काय म्हणतील. म्हणू देत.

तुझं दुखणं तोंडातून सुरू झालं. भाकरीचा तुकडा गिळवेना. आधी दातांवर बोट ठेवलं, मग पित्तावर, मग कुणी नागीण म्हणालं तेव्हा मंत्रूनही आणलं. अंगभर फोड उठून फुटले आणि लुगडं पाठीला चिकटायला लागलं, तेव्हा कुठे आम्ही तुला सुरतच्या गाडीत बसवलं. तिथला डॉक्टर भला माणूस. म्हणाला, अंगातला राखणदारच बिथरून आपल्या वावरातलं उभं पीक उपटतोय. या गोळ्या त्याला झोपवतील, पण मग वावर उघडं पडेल. म्हणून तापाच्या, गोवर-कांजण्यांच्या घरात पाय ठेवायचा नाही. तुला चादर सोसेना, तर केळीच्या पानावर निजवा असंही त्यानेच सांगितलं. रोज सकाळी मी म्हसावदच्या आपल्या मळ्यातून कोवळी पानं कापून आणायचो, धुवायचो, तेलाचा हात फिरवायचो, आणि तू कूस बदलताना डोळे घट्ट मिटून घ्यायचीस. जुनं पान उचललं की त्यावर तुझी कातडी असायची. मला ते बघवत नव्हतं, पण पान बदलायचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

गोळ्या लागू पडल्या. जखमा भरल्या, तू दुधात कुस्करून भाकरी खायला लागलीस. औषधाने तुझं तोंड सुजून गोल झालं, तर भावकी म्हणू लागली, तब्येत भरली. तू मात्र सगळं श्रेय मातेला दिलंस, कारण दुखण्यात तू तिला नवस बोलली होतीस. आणि तेवढ्यात काकांच्या नातीला माता आली. मी कापूस घेऊन शहाद्याला गेलो होतो. तू निघालीस हे कळलं तेव्हा फोनवर तुला बजावलं, त्या कांजण्याच आहेत, डॉक्टर काय म्हणाला ते आठव, तुला तर लहानपणी आल्याही नव्हत्या. तू सगळं ऐकून घेतलंस. मग शांतपणे म्हणालीस, "तिनीच मन्हं आंग बरं कयं. तिना पाया पडाले नको जाऊ का मी?"

मी घरी आलो तेव्हा तू जाऊनही आली होतीस. कोरं लुगडं नेसून ओसरीवर बसली होतीस, खुशीत. पंधरवड्याने पुन्हा फोड दिसले. मला वाटलं जुनंच उलटलं, म्हणून मी मळ्यात जाऊन पानं कापून आणली. पण या वेळी ताप होता, आणि ते छातीत उतरलं. सुरतच्या डॉक्टरने तुला पाहिलं आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. परत येताना तू गाडीत आडवी होतीस, कसली तक्रार न करता.

भावकी अजून म्हणते, देवीने नेलं. मी मान हलवतो. माझा देवीवर राग नाही, डॉक्टरवर तर नाहीच नाही. राग तुझ्यावर आहे, माय. तुला सगळं कळत होतं आणि तू स्वतःच्या पायांनी गेलीस. इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही, आणि हा कागदही मी कुठे धाडणार?

आज सकाळी बाया यायच्या आधी पोर झोपेत होती. तुझी सून चुलीपाशी होती. मी दार लोटून घेतलं आणि पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं.