गुटगुटीत पोरीचं लंघन

आई,

तुझी पणती आत्ता माझ्यासमोर झोपली आहे. चौदा महिन्यांची आहे. डाव्या हाताला सलाईन लावलंय आणि सुई निघू नये म्हणून हाताखाली पुठ्ठा बांधलाय. दुपारचा एक वाजलाय. सून ऑफिसातून निघाली आहे, मुलगा पुण्याहून निघालाय. सिस्टर म्हणाली, "आजी, आता टेन्शन नका घेऊ," मग मी तिच्याकडून कागद मागून घेतले. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला कधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर तुला बोललेलं एक वाक्य मागे घ्यावं लागलं असतं, आणि बोललेलं मागे घेणं तुझ्या लेकीला कधी जमलं नाही. आज ते घ्यायचं आहे.

माझा मुलगा दहा महिन्यांचा होता तेव्हा मी भुईगावला तुझ्याकडे राहायला आले होते. त्याला ताप भरला. तू त्याच्या कपाळावर हात ठेवलास आणि नेहमीसारखं म्हणालीस, "आजचा दिवस पोट रिकामं ठेव त्याचं. ताप आपसूक उतरेल." आणि मी म्हणाले, "एकीला उपाशी मारलंस तेवढं पुरे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू ओट्यावर बसून वाळलेल्या केळीच्या पानांत उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधत होतीस. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. पण त्यानंतर घरातल्या कुठल्याही आजारी पोराच्या कपाळावर तू हात ठेवला नाहीस. उंबऱ्याशी उभी राहायचीस, "कसं आहे आता?" म्हणायचीस आणि परत वाडीत जायचीस. मला ते दिसत होतं. खरं सांगायचं तर मला ते बरंही वाटायचं.

जिला उपाशी मारलंस असं मी म्हटलं ती माझी धाकटी बहीण, दीड वर्षाची. केवढी गुटगुटीत होती ती! आळीतल्या बायका येता-जाता तिच्या मांडीचा चिमटा घ्यायच्या आणि तू लगेच मीठमोहऱ्या ओवाळायचीस. रोज तिला घरच्या खोबरेल तेलाने रगडायचीस, दर दोन तासांनी काहीतरी भरवायचीस. काकू चिडवायची, "हिचं पोर नाही, चक्की आहे." मग तिला ताप आला, उलट्या झाल्या, आणि तू आळीत सगळ्यांनी पिढ्यानपिढ्या केलं तेच केलंस. तापात लंघन. माझंही केलं होतंस, दोन-दोन दिवस, आणि मी टुणकन उठून बसले होते. काकू म्हणाली, "अंगावर एवढं लोणी आहे तिच्या, दोन दिवस नाही खाल्लं तर वाळत नाही." तुलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा तिला उचलून वसईच्या डॉक्टरकडे धावले, पण ती वाटेतच गेली.

आता हिचं सांगते. ही जन्मली तेव्हा हिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले होते. मी नाक मुरडलं होतं, ही कसली नवी थेरं म्हणून. त्या थेंबांत हिचा आजार निघाला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. चरबीचा कण म्हणजे एक आखूड आडवी काठी आणि तिला लटकणाऱ्या तीन लांब शेपट्या. पोटात अन्न असतं तोवर शरीर साखरेवर चालतं. काही तास गेले की यकृतातली शिल्लक साखर संपते, ताप असला तर आणखी लवकर. मग शरीर चरबीकडे वळतं आणि त्या शेपट्या थोड्या थोड्या करून कापतं, त्यावर हृदय चालतं, स्नायू चालतात. हिच्या शरीरात लांब शेपट्या कापणारी कात्रीच नाही. सुनेकडून जनुकाचा एक बिघडलेला धागा आणि माझ्या मुलाकडून एक, असे दोन एकत्र आले. दोघंही आपल्याच समाजातले. मी ते चित्र बघत होते आणि मला आपली कणगी दिसत होती, भाताने गच्च भरलेली, आणि कांडायला घरात मुसळ नाही. अंगावर लोणी होतं, आई. तिला ते खर्चता येत नव्हतं.

घरी आल्यावर मला वाटलं, म्हणजे तेल-तूप बंद. तसंही नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवतीचं कुंपण चरबीचं, मेंदूचा मोठा भाग चरबीचा, काही जीवनसत्त्वं तर चरबीशिवाय अंगी लागतच नाहीत. त्यातल्या एक-दोन चरब्या शरीराला स्वतः करता येत नाहीत, त्या बाहेरूनच द्याव्या लागतात. म्हणून सून जवसाचं तेल सिरिंजमध्ये मोजून देते. शिवाय एक बाटली येते, मधल्या लांबीच्या शेपट्यांच्या तेलाची, ते हिला पचतं. ते नारळापासून काढतात हे ऐकून मला काय चेव आला! भुईगावचं घाण्याचं खोबरेल आणलं आणि हिच्या भातात घातलं चमचाभर. सुनेने वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "आई, अंदाजे नाही हां. ह्यातलं लांबवालं वेगळं काढलेलं नसतं. मोजून म्हणजे मोजून." रागावली नव्हती, पण हात पक्का होता तिचा. मला तुझा ओटा आठवला आणि मी आत जाऊन बसले.

नियम एकच आहे, हिला उपाशी ठेवायचं नाही. दर चार तासांनी उठवून भरवायचं. आज सकाळी ताप होता. नऊला भरवलेलं सगळं उलटलं. पुन्हा दिलं, पुन्हा उलटलं. साडेदहाला हाक मारली तर डोळे उघडले आणि लगेच मिटले. मी सुनेला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "कपाटावरची फाइल घ्या आणि निघा. मी पोचतेय." उमेळ्याच्या घरून रिक्षा केली. पापडीच्या अलीकडे टेम्पो आडवा लागला होता, तेव्हा मी रिक्षावाल्याला जे बोलले ते तू ऐकलं असतंस तर माझ्या तोंडात मारली असतीस. हिची मान माझ्या दंडावर कलत होती. त्या तशा कलण्याची ओळख होती मला.

इथे एक तरुण डॉक्टर होता. बोटातून रक्त काढून त्याने साखर बघितली. "आजी, पॅनिक होऊ नका. शुगर नॉर्मल आहे. तापात मुलं खात नाहीत, चालतं. थोडा वेळ ऑब्झर्व्ह करू."

मी फाइलमधलं मोठ्या डॉक्टरांचं पत्र त्याच्यासमोर धरलं. "पहिली ओळ वाचा."

"हो, बघतो ना मॅडम, जरा..."

"आत्ता वाचा. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. साखर नॉर्मल आली तरी थांबू नका, ग्लुकोजचं सलाईन लगेच सुरू करा. त्याचा चेहराच बदलला. बिचाऱ्याने नंतर सगळं झटपट केलं, मोठ्या डॉक्टरांना फोनही लावला. दीड तासाने हिने डोळे उघडले, माझ्या चष्म्याची दोरी ओढली आणि रडायला लागली. मी हिला खुशाल रडू दिलं.

मोठ्या डॉक्टरांना मी मागे एकदा बहिणीबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, पण तुम्ही सांगता तशी लक्षणं असतील तर तिलाही हेच असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा हा आजार कोणाला ठाऊक होता? दुसऱ्या कुठल्याही पोराला ते लंघन सोसलं असतं. म्हणजे तू मारलं नाहीस तिला. ते वाक्य मी मागे घेते, आई. मी ते बोलायलाच नको होतं. तू उंबऱ्याशी थांबायचीस, त्याची मला आज लाज वाटते.

इथे थांबता आलं असतं. पण तिच्या लंघनाच्या त्या दुसऱ्या दिवसाचं एक राहिलंय. दुपारी तू केळी उतरवायला वाडीत निघालीस. तुझं बोलणं मला आपल्या घरच्या बोलीत ऐकू येतं, लिहिताना मात्र शाळेतलीच मराठी उतरते. तू म्हणालीस, "तिला उठवू नको. पण उठली आणि मागितलं, तर पेज गरम करून दे. गार देऊ नको." तुझं लंघन एवढंच होतं, मागेपर्यंत. मी अकरा वर्षांची होते. मैत्रिणीने एका दिवसाच्या बोलीवर दिलेलं गोष्टींचं पुस्तक वाचत होते. संध्याकाळी आल्या आल्या तू विचारलंस, "मागितलं का गं काही?" मी म्हटलं, "नाही." पुढे सगळ्या गावाला तू तेच सांगितलंस, पोरीने मागितलं नाही आणि मीही दिलं नाही. शिव्याशाप सगळे पदरात घेतलेस. मीही माझा वाटा त्यात घातला.

एका वाटी पेजेने तो दिवस निभावला असता का, एवढं सोडून मी डॉक्टरांना सगळं विचारलं. ते विचारायचा धीर झाला नाही. सुनेचा आवाज बाहेर येतोय, हे कागद आता पर्समध्ये जातील आणि तिथेच राहतील.

ती उठली होती, आई. चुलीकडे बोट करून दोनदा "मंमं" म्हणाली. चूल विझलेली होती आणि मला ती पेटवायचा कंटाळा आला. मी तिला पाणी पाजून थोपटून निजवलं.