फुलाचा घास

३ नोव्हेंबर, सोमवार
नोकरी लागली! सुरतेच्या पांडेसऱ्यात कापड रंगवायचं एक बंद पडलेलं डाईंग हाऊस आहे. तिथं योगेंद्रशेठ खाऱ्या पाण्यातले मासे पाळतात आणि बंगल्यांतल्या काचपेट्यांसाठी विकतात. कॉलेज संपलं. वर्गातल्या गायत्रीबद्दल घाण बोलणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढला, तर प्राचार्य म्हणे माफी माग. मी? दप्तर उचललं नि निघालो. तेव्हापासून गायत्रीच बोलत नाही. बोलेल.

इथल्या जुन्या रंगाच्या हौदात एक समुद्रपुष्प आहे. परातीएवढं, जांभळं. आधीचा गडी लोटू. त्याची बायको सुंदरा घर सोडून गेली, तसा तोही वेडापिसा होऊन निघून गेला, असं शेठ म्हणाले. ताकीद एकच: चिमट्यानं खाऊ घालायचं, हात घालायचा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
हे फूल नाही, जनावर आहे. तासभर बघत बसलो. डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे सोडले तर त्याला हलावंही लागत नाही. अंगावरच्या बुळबुळीतून ते आपोआप मधल्या तोंडाकडे सरकतात. कडेला बोटांसारख्या सोंडा आहेत; बारीक कोळंबीला त्यातलं एकच बोट वाकतं, चिकटतं, तोंडात नेऊन सोडतं. मोठ्या कोळंबीला शेजारची पाच-सहा मदतीला येतात. मासा डंखानं लुळा पडतो, मग सगळी कड बटव्यासारखी मिटते. दुसऱ्या दिवशी काटे त्याच तोंडातून बाहेर.

फक्त एक नारिंगी पट्ट्यांचा मासा त्या बोटांत मजेत लोळतो. शेठ म्हणाले, थोडं थोडं अंग घासून तो त्याचाच झालाय, आता डंख लागत नाही. उलट बाहेरून घास आणून तोच त्याला भरवतो.

९ नोव्हेंबर, रविवार
डब्यात कळण्याची भाकरी होती. आई लहानपणापासून सांगते, "मुका जीवना समोर एकला खाऊ नको रे भाऊ, पहिले घास काढ." आणि घास काय चिमट्यानं देतात? हातानंच धरला. हलकी झिणझिणी आली. मग एकेक करत त्याची बोटं माझ्या बोटांभोवती. उधन्याच्या पुलावर गायत्रीनं एकदाच माझा हात धरला होता. अगदी तस्सा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
रोज हातानंच देतो. आधी बोटं, मग मनगट, आता कोपरापर्यंत. डंख लागतच नाही. अंगाला खारा वास येतो म्हणून आईनं दोनदा आंघोळीला पिटाळलं. आज शेठचं मांजर काठावर आलं. त्याचा पाय घसरला. घसरलाच असेल. मी फक्त— कड मिटायला वेळ लागला, पण मिटली. फूल आता अर्धा हौद व्यापून आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गायत्रीचं लग्न कामरेजच्या मुलाशी ठरतंय. फोन केला. म्हटलं, एकदा फूल बघून जा, मग कधी त्रास देणार नाही. ती म्हणाली, तू नि तुझं फूल सारखेच, हात लावला की डंख. मग हसली. शुक्रवारी तीनला येते म्हणाली, फक्त पाच मिनिटं. मला राग आलाच नाही. एवढं गोड मी कधी बोललो होतो? एका हातात फोन होता, दुसरा पाण्यात.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शेठ राजकोटला. फुलानं ओकलेलं साफ करत होतो. मांजराची हाडं. त्यांत चांदीचं जोडवं.
सुंदरा कुठंच गेली नव्हती. लोटूनं तिला इथं— आणि लोटूला काही झालं नाही. तो त्याचाच झाला होता. त्या नारिंगी माशासारखा. माझ्यासारखा.
गायत्रीला नको येऊ म्हणून फोन लावत होतो. हातातून निसटला, पाण्यात. सवयीनं हात घातला. आता निघत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
रात्रभर इथंच. ओरडलो. शेजारच्या लूमच्या खडखडाटात कोण ऐकणार?
डावा हात आत. उजव्यानं लिहितोय.

पावणेतीन. आज त्याचं एकही बोट हलत नाही. समजलं. एवढ्या मोठ्या घासाला ते पकडत नाही. तोंड उघडून नुसतं थांबतं. आणायला मी आहे.

शटर वाजलं. तिच्या सँडल. हाक मारतेय. पळ म्हणायचं— पळ गायत्री— तोंडातून निघालं, ये ना, जवळून बघ—

आली. काठाशी वाकली. म्हणतेय, चेतन, किती सुंदर—
माझा उजवा हात— नको— तिचा हात धर