विळा

आबा,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "कळलं का काय तुझ्या लॅबीत?" मी म्हणाले, रिपोर्ट यायचा आहे. ते खोटं होतं. तुमच्या हाडातल्या मज्जेच्या दोनशे पेशी मीच मोजल्या. एकशे अठरा पेशींत सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा नाही. असा कर्करोग औषधाला सहज दबत नाही, हाडाबाहेरही पसरतो. तुमच्या बरगडीवरची गाठ त्याचीच आहे.

मेंढीला देता तसा तुम्ही तिला तापल्या विळ्याचा डाग दिलात. आता पाठीवर दुसरी आली आहे. आपला धाकटा अंगद सांगत होता, तुम्ही हसून म्हणालात, "उज्जीची मशीन लई सुस्त हाय. ऐतवारी माझा इळा तापवतो."

मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित थांबला असतात. उपचार आहेत. किती उपयोग होईल, हे मला मोजता येत नाही.

हे पत्र अंगदच तुम्हाला वाचून दाखवणार आणि मधेच रडणार. म्हणून पाठवत नाही. उद्या पुण्याहून गेवराईच्या गाडीत बसते, तिथून आपलं तलवाडा. अंगदला फोनवर एवढंच सांगितलं आहे, विळा लपव.

तुमची लेक,
उज्ज्वला