चिंध्या घातलेला डबा

प्रिय फ्यूज,

वहिनींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याला धरावं लागतं का? धाकटीला नोकरी लागली की अजून अर्जांवर अर्ज चाललेत? थोरल्याच्या बाळाला दात आले असतील. आणि तुझा खोकला? तो तुझ्याइतकाच हट्टी, माहीत आहे मला. इकडे आम्ही बरे आहोत. हिला नवा चष्मा लागलाय, त्यामुळे माझ्या शर्टावरचे ग्रीसचे डाग आता लांबूनच पकडले जातात.

आता ऐक. तीन दिवस झाले, पोटात मावत नाहीये. आपल्या बसडेपोच्या वर्कशॉपात आम्ही मतदान घेतलं, आणि तेही गुप्त!

झालं असं. कंपनीने नोटीस लावली. प्रत्येकाला तीन महिन्यांचा पगार एकरकमी. बदल्यात पाच वर्षं आवारात सभा नाही, पत्रक नाही, वर्तमानपत्राकडे किंवा कोर्टात तक्रार नाही. बहुमताने ठरेल ते सगळ्यांना लागू. खोटं कशाला बोलू, नोटीस वाचता वाचताच मी मनात गळकं छत दुरुस्त केलं, हिच्या दातांची कवळी आणली, वर एक पंखाही घेऊन टाकला. पैशाला मी नावं ठेवणार नाही. पण पैसे तीन महिन्यांत संपणार आणि तोंड मात्र पाच वर्षं बंद, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना. टायर गुळगुळीत झालेली गाडी रस्त्यावर काढली, तर सांगायचं कोणाला? काढणाऱ्या साहेबालाच?

रद्दीतून पुस्तकं आणून वाचायची माझी खोड तुला ठाऊक आहे. त्यांत लिहिलेलं असतं की माणूस विचार करून मत देतो. मी चौतीस वर्षं आपल्या शेडमध्ये हात मोजले जाताना पाहिलेत. हात खांद्यातून वर जात नाही रे, डोळ्यांतून जातो. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग खुर्चीवरच्या साहेबाकडे, आणि मग कुठे कोपर सुटतं. जो तो समजतो की भ्यायलोय तो मी एकटाच, आणि अशी एकेकट्याची भीती मिळून सगळ्या शेडची होते.

म्हणून मी उठून म्हणालो, हात नकोत, गुप्त मत घ्या. साहेब हसले. ‘मिस्त्री, इथे काय मंत्री निवडायचाय?’ पण आपणच जिंकणार ही खात्री, म्हणून कबूल झाले. चिठ्ठ्या नकोत, अक्षर ओळखतात. मग मी शक्कल लढवली. प्रत्येकाला एक जाड नट आणि एक चपटी चकती, वायसर. स्टोअरच्या पडद्यामागे पत्र्याचा डबा. पैसे हवे असतील तर वायसर टाकायचा, नको असतील तर नट. उरेल ते खिशात. स्वारी स्वतःवर भलतीच खूश!

पहिला गेला पेंटर, गेल्याच महिन्यात कायम झालेला. आतून आवाज आला, टण्ण! आणि बाहेर बसलेली आपली फौज, इंजिनाच्या धापेवरून कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगणारी, एका सुरात ओरडली, ‘नट टाकला रे, नट!’ वेल्डरबाई तर म्हणाल्या, ‘आटेसुद्धा झिजलेत त्याचे!’ हशा पिकला. पण पेंटर बाहेर आला तो पांढराफटक, आणि साहेब त्याच्याकडे बघत वहीत काहीतरी टिपत होते. उभा जन्म लोखंडाचे आवाज ऐकण्यात गेला आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये!

मी धावलो. या वयात धावलो! डबा उलटा केला, हात पुसायच्या चिंध्या तळाशी कोंबल्या, वर माझा रुमाल अंथरला. एक नट टाकला, एक वायसर टाकला आणि सगळ्यांना कान द्यायला लावले. जरासुद्धा आवाज नाही. मग ते दोन्ही काढून घेतले, पेंटरचा नट त्याला परत दिला आणि म्हटलं, पहिलं मत रद्द, पेंटर पुन्हा जाईल. तो गेला. काय टाकलं त्याचं त्यालाच ठाऊक. पण परत आला तेव्हा सगळ्यांकडे, साहेबांकडेसुद्धा, सरळ बघत होता. मला तर शिट्टी मारावीशी वाटली.

एकसष्ट नट, अठ्ठेचाळीस वायसर! साहेबांनी तीनदा मोजले. वायसरवाल्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाच्या घरी अडचणी आहेतच. आणि ते कोण हे कुणालाच माहीत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी चहाला सगळे एकाच बाकावर होते.

आता खरं कशासाठी लिहायला बसलो ते सांगतो. बावीस वर्षांपूर्वी तू ब्रेकबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिलंस, आणि तेव्हाच्या साहेबांनी शेडमध्ये विचारलं, याच्या बाजूने कोण, हात वर करा. तू माझ्याकडे पाहिलंस. त्याच सकाळी मला बढती देऊन मिस्त्री करायचं त्यांनी कबूल केलं होतं. माझा हात मांडीवर तसाच पडून राहिला. तू हत्यारांची पेटी उचलून नोकरी सोडून गेलास, आणि इतकी वर्षं मी तुला नुसती हवापाण्याची पत्रं लिहीत आलो. या मतदानात पडद्यामागे मी इतका वेळ उभा राहिलो की स्टोअरकीपर खाकरला. मग नट टाकला. गुप्त मत कोणाला सांगायचं नसतं, हा नियम मीच घातलाय. तो फक्त तुझ्यापुरता मोडतोय, कारण त्या दिवशी तुला माझा हात दिसायला हवा होता. मला माफ कर, एवढंच लिहायचं होतं. चिडला असशील तर चिडूनच उत्तर लिही, शिव्यांनी पान भरलं तरी चालेल, पण याच आठवड्यात लिही.

तुझाच,
जुना जोडीदार