डोळा नंबर तीन

शिरपूर, ता. २ सप्टेंबर १९९४

ती. झुलाल नाना,

वयाने तुम्ही माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, पण एक तर बायकोचे थोरले भाऊ आणि वर रेल्वेचे रिटायर गार्ड, म्हणून दोन वेगवेगळे नमस्कार. (माझी कंबर धरली आहे. एकदा वाकलो की दोन्ही त्यातच धरून घ्यावेत.) तुमचे गुडघे कसे आहेत? सुनंदावहिनींची साखर? डॉक्टरांनी तुम्हाला केळी बंद केल्याचं वाचून वाईट वाटलं. भुसावळात राहायचं, सावद्याच्या गाड्या दारावरून जाताना बघायच्या आणि केळं खायचं नाही, ही शिक्षा वैऱ्यालाही नको. इकडे तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम. बारा दिवसांपासून ती माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर सर्व ठीक. ताट ठेवल्याचा आवाज आला की जेवायला या असं म्हटलं, हे मी समजून घेतो.

ती का बोलत नाही हे सांगायचं तर यंत्रापासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही ते फक्त प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहिलं. त्याआधीचं मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, ते आता लिहितो.

आपल्या शिरपुरातले खत-औषधवाले सोहनलाल शेठ तुम्हाला माहीत आहेत. त्यांचा भाचा पारस पुण्याच्या एका कंपनीत इंजिनियर. (कंपनीचं नाव लिहीत नाही. वकिलाने नको म्हटलं आहे. वकिलाचं नावही तो लिहू नको म्हणतो.) पारस जूनमध्ये एक यंत्र घेऊन आला. ट्रॅक्टरच्या पुढे लावायचा लोखंडी दांडा, दांड्यावर काचेचे चार डोळे आणि प्रत्येक डोळ्याखाली तणनाशकाचं एक नोझल. डोळा जमिनीवर उजेड टाकतो, खाली हिरवं दिसलं की पेटीला कळवतो, पेटी नोझल उघडते. तण असेल तिथेच औषध, बाकी जमीन कोरडी. निंदणी संपली, बायांच्या मागे फिरणं संपलं. विदेशात म्हणे हे सर्रास चालू होणार आहे. पारसने मला 'प्रगतिशील शेतकरी' म्हटलं आणि मी दोन बोटं उंच झालो. (प्रगतिशील म्हणजे घरात न विचारता हो म्हणणारा, असा अर्थ तुमच्या बहिणीने तेव्हाच सांगितला होता.)

पहिल्या दिवशी यंत्राने अर्ध्या एकरातली माझी कपाशी जाळली. त्याचा दोष नव्हता. विदेशात ते पेरणीआधीच्या उघड्या रानात चालवतात, तिथे हिरवं ते सगळं तणच. माझ्या वावरात कपाशीही हिरवी आणि तणातला केनाही हिरवा. यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं की हिरव्यातही आपलं आणि परकं असतं. पेटीत दिवसभरात जे साठेल ते रोज संध्याकाळी टेलिफोनवरून पुण्याला पाठवायचं असे. त्यासाठी पंडितच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन रिसीव्हर पेटीच्या तोंडाला लावायचा, मग पेटी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी बारा मिनिटं ओरडायची. बाहेर रांगेतली माणसं म्हणत, जीवरामभाऊ कोणाशी भांडता आहेत? दुसऱ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं: आपल्या शेतात अठ्ठ्याण्णव टक्के तण आहे. तीस वर्षं शेती केलेल्या माणसाला हे कळवायला पुणं लागलं.

पारस रडकुंडीला आला. ऑगस्टमध्ये पुण्याचे साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार होते, तोवर डोळे शहाणे झाले नाहीत तर त्याची नोकरी जाणार होती. आणि नाना, पुढची कल्पना माझी. पारसची नाही, शेठची नाही. मी हसत म्हणालो, डोळ्यांच्या तारा सोडा, त्या जागी दारावरच्या घंटीची चार बटणं लावा आणि आमच्या चार निंदणाऱ्या बसवा. तण दिसलं की दाबतील. पेटीला काय कळतंय, तार काचेकडून आली की बाईकडून. मी गंमत केली होती. पारसने संध्याकाळपर्यंत बटणं आणली.

निंदणीच्या टोळीची मुकादमीण भिकुबाई तुम्ही ओळखता. तुमची बहीण लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती आमच्या वावरात. रानभेंडीचं रोप आणि कपाशीचं रोप दोन पानांवर असताना मलाही ओळखू येत नाही, ती चालता चालता ओळखायची. मी तिला सगळं समजावलं. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "भाऊ, यंतरले डोया नहीत, मंग माले शेतस ना." (यंत्राला डोळे नाहीत, तर मला आहेत ना.) दांड्याच्या वर फळी टांगली, तिच्यावर चौघी बसल्या. भिकुबाई तिसऱ्या जागेवर. पहिल्या दिवशी उतरताना ती हसत होती. जन्म वाकून गेला, आता बसून निंदणार, असं तिने गावभर सांगितलं. तुमच्या बहिणीला तर दोनदा सांगितलं.

पुणं खूश झालं. रोज पारसला फोनवर शाबासकी. एकदा तक्रार आली की दुपारी एक ते दीड चारही डोळे एकदम बंद पडतात, तारा तपासा. (त्या वेळी चारही डोळे निंबाखाली भाकरी खात असत.) मग एक दिवस कळवलं की डोळा नंबर तीन विलक्षण आहे, शंभरात एकही चूक नाही. मी ते भिकुबाईला सांगितलं. तिने विचारलं, पुण्याले कसं कळनं? मी म्हटलं, फोनवर. ती म्हणाली, मग त्यांना सांगा, औषधाचा वास डोक्यात जातो. मी हो म्हटलं. सांगितलं नाही. फोनवर पेटी बोलत असे, मी नाही.

तीन ऑगस्टला साहेब आले तेव्हा तुम्ही होतातच. बाया दिसू नयेत म्हणून फळीभोवती ताडपत्री बांधली होती, पाहुण्यांना सांगितलं की डोळ्यांवर ऊन पडायला नको. मी स्वतः चौघींना आत बसवलं आणि बजावलं की काही झालं तरी आवाज करायचा नाही. कपाशीच्या दुसऱ्या ओळीला ताडपत्रीच्या आत तिसऱ्या नोझलची नळी फुटली. आम्ही बाहेर उभे. आम्हाला दिसलं ते एवढंच की ट्रॅक्टर सरळ चालला आहे आणि केना ओला होतो आहे, कपाशी कोरडी. औषध भिकुबाईच्या तोंडावर, छातीवर, लुगड्यावर उडत होतं. एका हाताने पदर तोंडावर धरून दुसऱ्या हाताने ती बटण दाबत राहिली, ओळ संपेपर्यंत. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल, नारळ आणि सहीला कागद. 'सदर यंत्र माणसाच्या मदतीशिवाय चालले, हे मी समक्ष पाहिले.' मी सही केली. ताडपत्री त्यानंतर सोडली.

विहिरीवर तिने तोंड धुतलं. लुगडं मात्र अंगावरच वाळलं. दुसरं तिने आणलं नव्हतं आणि आमच्या घरून मागवायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण फोटो काढणं चालू होतं. चार दिवसांनी तोंडात फोड आले, मग धाप लागली. पारसनेच तिला स्वतःच्या गाडीतून धुळ्याला नेलं. पोरगा वाईट नाही, दवाखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसून होता. डॉक्टरांनी जे होतं ते सगळं केलं, पण म्हणाले की या औषधावर उतारा नाही, फुप्फुसं आतून वाळत जातात. मी भेटायला गेलो तेव्हा तिला दोन शब्दांच्या मध्ये थांबावं लागत होतं. मी विचारलं, नळी फुटली तेव्हा ओरडली का नाहीस?

"तुम्हीच सांगं व्हतं ना भाऊ," ती म्हणाली, "आवाज नका करू."

एकवीस तारखेला ती गेली. तुमची बहीण तिला न्हाऊ घालून आली आणि तेव्हापासून गप्प आहे.

कंपनीचं इथलं काम शेठच बघतात, म्हणून तिची मुलगी वच्छला भरपाईसाठी त्यांच्याकडे गेली. मीही बरोबर होतो. शेठ आवाज चढवत नाहीत. त्यांनी माझ्या सहीचा कागद काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जीवरामभाऊ, कागदावर बाई नाहीच. मग यंत्राने कोणाला काय केलं?" वच्छलाला वाचता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल शोधू लागलो. चप्पल पायातच होती.

त्यानंतर परवा पुण्याहून पत्र आलं. मजकूर असा, की डोळा नंबर तीन हा तीन ऑगस्टपासून बंद दिसतो, त्याचा अभ्यास करून त्याच्यासारखे आणखी बनवायचे आहेत, तरी तो काळजीपूर्वक काढून, कापसात नीट बांधून, पार्सलने पाठवावा. पत्र ओट्यावर उघडलं होतं. तुमच्या बहिणीने ते वाचलं आणि घडी घालून माझ्या ताटाखाली ठेवलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढलं: फळी, बटणं, ताडपत्री, आवाज करू नका असं कोण म्हणालं, आणि माझी सही खोटी आहे हे. उरलेल्या तिघी अंगठा द्यायला तयार आहेत. खोटा दाखला दिला म्हणून माझं काय होईल ते वकिलाने सांगितलं, ते इथे लिहून तुमचं ब्लडप्रेशर चढवत नाही. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधा.

तुमचा मेहुणा,
जीवराम

ता. क. नाना, त्या दाखल्यावर माझ्या सहीखाली साक्षीदार म्हणून दुसरी सही तुमची आहे. मी तुम्हाला निंबाखालच्या खुर्चीवरून उठवून पेन हातात दिलं होतं. पण सही करताना तुम्ही ताडपत्रीकडे बघून माझ्या कानात म्हणाला होतात, "जीवराम, तुझ्या यंत्राला आठ पाय दिसतात." तेवढंच तहसीलदारासमोर सांगायचं आहे. चौदा तारखेला बोलावलं आहे. सकाळची गाडी धरलीत तर दुपारपर्यंत पोहोचाल.

ता. क. दुसरा. वरची विनंती आहे असं समजू नका. अर्ज कालच तहसीलदार कचेरीत गेला, त्यात तुमचं नाव आणि भुसावळचा पत्ता आहे. तुम्हाला न विचारता घातला. तुम्ही संतापणार हे ठाऊक आहे. पण तो संताप टपालाने पाठवू नका, इथे येऊन संतापा.