ही बरी, की मगाचची?

३ सप्टेंबर
आज कीटकांच्या वर्गात बसले. मुंग्या! आयुष्यभर मुंग्यांकडे बघत बसायला मी तयार आहे. काल हेच मातीकामाबद्दल वाटलं होतं, परवा जुन्या नकाशांबद्दल.
या कॉलेजात पहिला पंधरवडा ‘चाखणी’चा. कुठल्याही वर्गात जाऊन बसा, कोणी हटकत नाही. मग एक मुख्य विषय लिहून द्यायचा. खोलीतली मैत्रीण – मी तिला खारूताई म्हणते, सारखं काहीतरी कुरतडत असते – घरूनच गणित ठरवून आली. ‘तुझं ठरलं का?’ रोज विचारते. आजाऱ्याची तब्येत विचारावी तसं!

४ सप्टेंबर
सकाळी तर्कशास्त्र – हेच! दुपारी नाटक – छे, हेच!! खारूताई म्हणाली, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ बोलले नाही तिच्याशी. जेवणापर्यंत.

५ सप्टेंबर
खगोलशास्त्र. सर दुर्बिणीचं भिंग पुसत होते – रुमालाने! राहवेना. म्हटलं, ‘सर, ओरखडे पडतील, आधी धूळ उडवा.’ वर्ग हसला. सरांनी दुर्बीण माझ्याच हातात दिली. तास संपेपर्यंत पुसत बसले. ताऱ्यांबद्दल काय सांगितलं, अक्षर आठवत नाही.
बाबांना फोनवर सांगितलं. ‘मग तेच घे की, भिंगरे.’ रोज हेच म्हणतात. मुंग्या म्हटलं तरी ‘तेच घे.’ आमच्या चष्म्याच्या दुकानाचा विषय चुकूनही काढत नाहीत. निघताना मीच सांगितलं होतं – लोकांच्या नाकावर चष्मे बसवत जन्म काढायचा नाहीये मला. ‘नको काढूस,’ एवढंच म्हणाले.

६ सप्टेंबर
चित्रकलेचा इतिहास. एका चित्रकाराने सगळे चेहरे लांबुडके काढलेत. त्याच्या दुःखावर अर्धा तास चर्चा! मी म्हटलं, डोळ्याला सिलिंडरचा नंबर असेल त्याच्या, त्यात सगळं ताणल्यासारखं दिसतं. बाईंनी असं काही बघितलं की मी वहीत डोकं घातलं.

१० सप्टेंबर
विषय निवडायला मदत करणाऱ्या बाईंना भेटले. ‘तुला नेमकं काय व्हायचंय?’ रडूच आलं. त्यात त्यांचा चष्मा एका बाजूला उतरलेला, लक्षच लागेना. शेवटी मागून घेतला, काडी जराशी वाकवली, परत दिला. ‘अय्या, कान दुखायचा थांबला!’ मग म्हणाल्या, ‘हं, तर विषय?’
माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.

११ सप्टेंबर
बाबांपुढे फोनवर रडले. सगळंच चांगलं दिसतंय, निवडू कसं? हसले. ‘अगं, ते अडलेलं गिऱ्हाईक आठव.’
आठवतं की! डोळे तपासताना बाबा काचा बदलत विचारणार, ‘ही बरी, की मगाचची?’ आणि माणूस म्हणणार, ‘दोन्ही सारख्याच.’ मग बाबा दोन्ही काचा काढून घेतात आणि हाताची घडी घालून गप्प बसतात. समोर सगळं धूसर. जरा वेळाने माणूसच म्हणतो, ‘ती मगाचची द्या.’ शाळा सुटल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे किती वेळा पाहिलंय मी!
‘तसंच कर. एकेक काढून बघ,’ म्हणाले.
नकाशे काढले. नाटक काढलं. मुंग्यासुद्धा काढल्या. वाईट वाटलं, पण अडलं कुठेच नाही. म्हणजे काय? मला काहीच नकोय? डोकं चालेनासं झालंय.

१३ सप्टेंबर
आज बाबांनीच फोन केला. दुकान विकतायत. शेजारच्या औषधवाल्याला. ‘गुडघे ऐकत नाहीत गं. तुझ्याही डोक्यावरचं ओझं उतरलं.’
‘छान,’ म्हटलं मी.
खारूताई म्हणाली, ‘सुटलीस!’ सुटलेच की. मग ताट तसंच ठेवून का उठले? सारखं तेच डोळ्यांपुढे – तो अक्षरांचा तक्ता, तपासणीची जड गोल फ्रेम, माझं स्टूल. औषधवाला तिथे खोकल्याच्या बाटल्या मांडणार!

१५ सप्टेंबर
मला दुकान हवंय.
लिहिलं. आई शप्पथ, तेच हवंय! कसली भिंगरी, गाढव आहे मी. इथे ‘प्रकाश आणि दृष्टी’ असा एक विषय आहे, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुकानाचा वास येतो म्हणून त्या एकाच वर्गाकडे फिरकले नाही.
बाबांना सारखा फोन लावतेय. उचलत नाहीत. उद्या विषय द्यायचा आहे, त्याआधी सांगायलाच हवं.

१६ सप्टेंबर
सकाळी उचलला. मी एवढंच म्हटलं, ‘बाबा, ती मगाचची द्या.’
त्यांना लगेच कळलं. ‘काल दुकानाच्या सह्या झाल्या, बाळा. ती काच गेली. आता हिच्यातूनच वाच.’
म्हटलं, धूसर दिसतंय.
‘नव्या काचेतून आधी गरगरतंच,’ म्हणाले. ‘मग होते सवय.’