एकेचाळीस कामांची यादी

१२ फेब्रुवारी १९९२, बुधवार

पेंटरनं पाटीवर 'व्यवस्ता' लिहिलं! पुसायला लावलं. तो म्हणाला, "म्हादू, कोण बघतंय?" मी बघतोय! शाळा सातवीत सुटली म्हणून काय झालं, बाबांच्या दुकानावर चुकीचं अक्षर नको.

आता पाटी अशी – शांता मंगल व्यवस्था, रामनगर. मांडव, भांडी, स्वयंपाक, लाऊडस्पीकर, गाडी. बाबांच्या वेळी आम्ही नुसता कर्णा आणि गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचो. सगळं लग्न एका ठिकाणी, हे डोकं अक्काचं, म्हणजे शांताचं.

समोरच्या हॉटेलात दोघं हसत होते. "लगीन काय आता वाण्याकडं पुडीत बांधून मिळायचं व्हय?" मग दुसरा, हळू – "स्वतःचं टिकवता आलं न्हाई, दुसऱ्यांची लावायला निघालीया."

मला ऐकू आलं म्हणजे अक्कालाही आलं. ती शिडी धरून उभी होती. ती मला तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ. म्हणाली, "तम्मा, पाटी डावीकडं कललीय."

१६ फेब्रुवारी, रविवार

खानापूरहून रामचंद्रमामा आले. पाटी बघितली, हात धुऊन पानावर बसले. जेवल्यावर बोलले.

"शांते, ह्या हंगामात एक तरी मोठं लगीन धडपणी पार पाडून दाखीव. न्हाई तर दुकानाला कुलूप, आन तू सासरी. ते न्यायला तयार हायत."

चार वर्षं झाली. दाजींनी दुसरी केली आणि अक्का एक ट्रंक घेऊन परत आली. आता त्या दुसरीला तिसरं मूल होणार, घरात हात कमी पडतात.

अक्का म्हणाली, "कशाला नेतात? थोरली म्हणून, का मोलकरीण म्हणून?"

मामा म्हणाले, "बाईला घर लागतं, शांते." अक्कानं ताटं उचलली. मी भिंतीकडं बघत बसलो.

३ मार्च, मंगळवार

आलं! मोठं लग्न आलं!!

सॉ मिलवर काम करणारा अर्जुन आहे ना, त्याच्या बहिणीचं. गाव नंदिगड्डे. नवरा मुलगा कॅसलरॉकला रेल्वेत. चारशे माणूस. २६ एप्रिल. अर्जुन म्हणाला, "अक्का, रामनगरसारखं झालं पायजे बगा. गावच्या मान्सांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात राबायचं काय? एक दिस खुर्चीवर बसू देत. काडी हलवायला लावू नका कुणाला."

"तसंच करू," अक्का म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणजे यादी मी करायची.

२२ मार्च, रविवार

यादी पूर्ण. एकेचाळीस कामं. मेढ पुरण्यापासून शेवटची पंगत वाढण्यापर्यंत. प्रत्येक कामापुढं माणसाचं नाव. एकही रकाना रिकामा नाही. बारा माणसं रामनगरची, त्यांच्यावर आचारी पुंडलिक. पत्रावळीसुद्धा बेळगावहून मागवल्या.

तिसऱ्यांदा स्वच्छ उतरवून काढली. पुंडलिक म्हणतो, "आरं, लगीन हाय का परीक्षा?" मला तरी वेगळं वाटत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

नंदिगड्डे. टेंपो पोचला. फॉरेस्टच्या नाक्यावर बांबू मोजले, पावती बघितली, सोडलं. पावती मी तीन ठिकाणी ठेवली होती! सगळं सामान आलं. झारा एक कमी वाटला, मग सापडला.

२५ एप्रिल, शनिवार. दुपार

काहीतरी चुकलंय. काय, ते कळत नाही.

मांडव अकराला उभा राहिला, ठरल्यापेक्षा तासभर आधी. मग गावची माणसं यायला लागली. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात दोर. लखू नावाचा माणूस खांद्यावर कावड घेऊन, दोन्हीकडं तांब्याच्या घागरी, भरलेल्या. पारूआजी नारळाची खोवणी काखेत मारून. मी पुढं झालो, हात जोडले. म्हणालो, "तुम्ही काही करायचं नाही. सगळं झालंय. बसा." खुर्च्या उघडून दिल्या, घडीच्या, नव्या रंगाच्या.

कुणी बसलं नाही. लखूनं आमचं पाण्याचं पिंप बघितलं. मग स्वतःच्या घागरींकडं बघितलं. पारूआजी कोकणीत काहीतरी म्हणाली, "आमी कितें सोयरीं?" – आम्ही काय पाहुणे? मला वाटलं कौतुकानं म्हणतेय. मी म्हणालो, "हो, हो!"

एकेक करून सगळे गेले. लखूनं जाताना दोन्ही घागरी फणसाच्या बुंध्याशी ओतल्या.

हळदीची वेळ होऊन गेली. एक बाई आलेली नाही. अर्जुनची आई उंबऱ्यावर बसून रडते आहे. अर्जुन येसाजींकडं जाऊन आला. येसाजी गावचे बुधवंत, म्हणजे प्रमुख; शब्द त्यांचा. ते म्हणाले म्हणे, "उद्या आमी यायचं न्हाई. ज्या मांडवाला हात लागला न्हाई, तिथं घास कसा खायचा?"

चारशे माणसांचं सामान! आणि गाव जेवणार नाही. अक्का सासरी जाणार, ती माझ्यामुळं. यादी पुन्हा वाचली. चूक एकही नाही.

२६ एप्रिल, रविवार. पहाट

काल मांडव सोडला! सगळा!! आता वेळ नाही.

२७ एप्रिल, सोमवार

रामनगर. क्रमानं लिहितो.

गावची माणसं आली तेव्हा अक्का आत शिधा मोजत होती. शनिवारी चार वाजता तिनं विचारलं, "गावातली मान्सं काय घेऊन आली हुती?" मी सांगितलं, पहार, दोर, घागरी, खोवणी. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तम्मा, ती काम करायला आली हुती. तू त्यांचं काम रामनगरच्या मान्सांला दिलंस."

"अर्जुननंच सांगितलं होतं!"

"अर्जुन सा वर्सांचा असल्यापासून रामनगरात हाय. त्याला काय म्हाईत? चल. यादी घे."

येसाजी अंगणात कंबल टाकून बसले होते. बसा म्हणाले नाहीत. अक्का उभ्याउभ्या म्हणाली, "चुकलं आमचं. कुठलं काम कुणाचं, ते तुमी सांगा. हा लिवून घेतो."

"मांडव तर उभा हाय की तुमचा."

अक्का माझ्याकडं वळली. "पुंडलिकला सांग, मांडव सोड म्हणावं."

मी पळालो. पुंडलिक ओरडला, "येड लागलं का अक्काला? उद्या लगीन हाय!" पण सोडला. दोर सुटले, बांबू आडवे झाले. येसाजींच्या अंगणातून ते दिसत होतं. मी परत आलो तेव्हा त्यांनी कंबलाचा एक कोपरा माझ्यासाठी सरकवला.

अक्का सुटलेला मांडव बघायला गेली. मी वाचत गेलो.

"पहिली मेढ पुरणे."

"माझं घर."

"पाणी."

"लखूचं घर. त्याच्या आज्यापासनं."

"खोबरं."

"पारूचं घर." मी पारू एवढंच लिहिलं, तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण कळलं कसं कोण जाणे. "मान्साचं नाव न्हाई लिवायचं. घराचं लिव. मान्सं जात्यात."

पत्रावळी. चुलीतला पहिला जाळ. वऱ्हाडाच्या पायावर पाणी. सगळं तोंडपाठ! एकदाही अडले नाहीत. मी रामनगरची नावं खोडत गेलो आणि घरं लिहीत गेलो. माझी तीनदा उतरवलेली यादी!

"कर्णा वाजवणे," मी घाबरत वाचलं.

येसाजींनी विचार केला. "ते तुमचंच. आमच्यात कुणाकडं न्हाई." आणि पहिल्यांदा हसले.

एकेचाळिसावं वाचलं – "शेवटची पंगत वाढणे." त्यांनी कागदावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "राबणाऱ्यांची पंगत शेवटी बसती. त्यांनी आपल्या हातानं वाढून घ्यायचं नसतंय. ते काम बाळीच्या घराचं. बाळी गेली, मागं कोण न्हाई. दोन वर्सं झाली, आपलं आपण घेतो."

"मग कुणाचं घर लिहू?"

"ऱ्हाऊ दे मोकळं."

मला रिकामा रकाना बघवत नाही. पण मोकळा ठेवला.

मग येसाजी उठले आणि कोपऱ्यातली पहार उचलली. एवढंच. कुणाला हाक मारली नाही. पण ते पहार घेऊन निघाले ते गावानं बघितलं असणार, कारण आम्ही अर्जुनच्या दारात पोचेपर्यंत मागं पंचवीस-तीस माणसं होती. दिवेलागणीला मांडव पुन्हा उभा! आमच्यापेक्षा लवकर. गाठी वेगळ्या मारतात, एका झटक्यात सुटणाऱ्या. मी दोन शिकलो. वर हिरवे टाळे, पानांच्या फांद्या, घातले. हळदीला बायका मावेनात. पहाटे मांडवाची उरलेली सजावट केली.

आमची बारा माणसं लोखंडी खुर्च्यांवर बसली, रांगेत, नवरदेवासारखी. लखू पाणी भरता भरता म्हणायचा, "पाव्हणं, च्या झाला का?" पुंडलिकला राहवेना. कांदा चिरायला गेला तर पारूआजीनं हातावर चापट मारली. "बस गप! तू सोयरो!" पुढं तिलाच दया आली. चारशे माणसांच्या हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, गूळ किती, ते तिनं त्याला विचारलं. तेव्हापासून तो जमिनीवर नव्हता.

लग्न लागलं. कॅसलरॉकचं वऱ्हाड खूश. चार पंगती उठल्या, काहीही कमी पडलं नाही. कर्णा एकदाही खरखरला नाही – ते माझं घर!

चारच्या सुमारास राबणारे लोक हातपाय धुऊन आले. बेळगावच्या पत्रावळी बाजूला सारून त्यांच्या पानांच्या घेतल्या, आणि एकेक जण पातेल्याकडं वाढून घ्यायला निघाला. अक्का तिथंच झारे पुसत होती. तिला रिकाम्या रकान्याचं ठाऊक नव्हतं. असणार कसं, ती तेव्हा मांडवाकडं होती. ती एकदम म्हणाली, "आवं, बसा की! दिसभर राबलासा, आन आता हातानं घेतासा? बसा. मी वाढते."

बादली उचलली, पदर खोचला, वाढत सुटली. भात, आमटी, हुग्गी.

सगळे बसले. पण कुणी हात लावेना. सगळे येसाजींकडं बघत होते. आता काय चुकलं! अक्काला ओरडून थांबवणार होतो.

येसाजींनी घास घेतला. मग सगळ्यांनी.

पारूआजीनं पत्रावळ पुढं केली. "आनी वाड गो."

अक्का शेवटी एकटी जेवली, पातेल्याशी टेकून. मी विचारलं, काय वाटतं? म्हणाली, "पाय दुखत्यात." मग स्वतःच हसायला लागली, आणि थांबेचना.

२ मे, शनिवार

रामनगरात सगळीकडं एकच गोष्ट – शांतानं उभा मांडव सोडला. हॉटेलातले हसणारे दोघं आले. एकाच्या मेव्हणीचं लग्न आहे. अक्कानं त्यांना बसायला घडीची खुर्ची दिली. तारीख विचारली. मी वहीत लिहिली, सुवाच्य.

आतापर्यंत पाच लग्नं ठरली! प्रत्येक गावात आधी मी यादी घेऊन जाणार आणि विचारणार.

१० मे, रविवार

मामा आले. पाच लग्नं ऐकून पाठीवर थाप मारली, माझ्या. अक्काला म्हणाले, "मानलं तुला. दुकान चालू दे." पण जाताना चप्पल घालता घालता – "तरी पण शांते, हे घर म्हादूचं. उद्या त्याची बायको येईल. तुझं म्हणून घर कुठलं? सासरचा निरोप अजून हाय. इचार कर."

मी म्हणालो, "मामा, मी लग्न करत नाही!" मामा हसले. अक्का नाही हसली.

११ मे, सोमवार

अक्कानं आज ट्रंक उन्हात ठेवली. झुरळं झालीत, म्हणाली. सासरहून आणलेल्या त्या ट्रंकेत कधीच झुरळं नव्हती.

१९ मे, मंगळवार

दुपारी लखू आला. नंदिगड्ड्याहून, दोन गाड्या बदलून. बाजारभर विचारत आला असणार, कारण मागं चार माणसं होती. दारात उभा राहून म्हणाला, "शांताचं घर ह्येच न्हवं?"

मी म्हणालो, "हेच."

त्यानं पानात गुंडाळलेली सुपारी काढली. मला दिली नाही. अक्काच्या हातात दिली. म्हणाला, "येसाजीनं पाठवलीय. पुढच्या मंगळवारी गावात लगीन हाय. पैसं मिळायचं न्हाईत. पिढ्यान्‌पिढ्या मिळायचं न्हाईत. यायाच लागतंय."

अक्कानं सुपारी पदरात बांधली. मग परसात गेली, आठ दिवस उन्हात पडलेली ट्रंक उचलून आत आणली आणि परत खाटेखाली ढकलली.

मी यादी काढली. नवी शाई भरली. एकेचाळिसावं – शेवटची पंगत वाढणे – शांताचं घर.